तिसरा भाग माझ्याकडे आहे

ठमे,

मी वर्कशॉपला लवकर निघतोय. स्टेशनवर हात हलवत उभं राहणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. बॅगेची चेन बदलली आहे, आता हिसके देऊ नकोस. निघताना किल्ली शेजारच्या काकूंकडे दे.

तुझ्या त्या जाडजूड कादंबरीचे दोन भाग वाचले. तुझ्या आत्याने शाळेत असताना वाचली, तू तर पारायणंच केलीस, आणि मी राक्षस-तलवारी म्हणून नाक मुरडत राहिलो. राक्षस आहेतच. पण तो कुंभार घंटा घेऊन डोंगरापलीकडे निघतो, तेव्हा त्यालाही जायचं नसतं आणि घरच्यांनाही त्याला सोडवत नाही. इतकी वर्षं लोक हे का वाचतात, ते मला तिथे कळलं.

परवा मी तुला म्हणालो, "जायचंय तर जा." कुंभाराचा बापही तेच म्हणतो, आणि मग गुपचूप त्याच्या चपला शिवायला बसतो.

तिसरा भाग तुझ्या बॅगेतून काढून घेतलाय. शेवटचं प्रकरण सोडून बाकीचं वाचीन. तो घरी परततो का, ते फोनवर सांगू नकोस. ते प्रकरण तू आलीस की वाचू.

बाबा