बाबांचं अडलेलं पद

ता. ३ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

आपल्या बाबांवरचा, म्हणजे गाणाऱ्या प्रवचनकारावरचा माझा सिनेमा अखेर सुरू झाला. बजेटची तब्येत तोळामासाच. गर्दी म्हणून चाळीस माणसं आणली आहेत. ती आधी डावीकडे बसतात, मग कोट आणि शाली बदलून उजवीकडे. बाबांना ऐकायला लोक खिडक्यांत चढून बसायचे, ते सगळं या चाळीस जणांवर भागवतोय. बाबांचं काम करणारा नट गातो छान, पण प्रवचन देताना माशा हाकलल्यासारखे हातवारे करतो.

आता खरं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी भर सभेत पद म्हणताना बाबांचा आवाज गेला, लोक गप्प बसून राहिले आणि मग एकेक करून निघून गेले, तो प्रसंग मला दाखवायचाय. त्याच्याशिवाय सिनेमाला अर्थ नाही. पण बाबा नको म्हणाले तर मी सगळं गुंडाळीन. मला विचारायचा धीर होत नाही. तूच विचार ना.

तुझा लोभ आहेच, त्याच्याच जोरावर हे काम सांगतोय.

धाकटा

ता. १२ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काम निघालं की बरी ताई आठवते! तीन दिवस शब्द जुळवले. शेवटी बाबांच्या अंगातल्या सदऱ्याला बटण लावता लावता विचारलं, म्हणजे त्यांना उठून जाता येऊ नये. त्यांनी आधी मला दोरा तोडू दिला. मग म्हणाले, आधी चित्रण स्वतः बघेन, मग हो की नाही ते सांगेन.

मला धास्ती वाटते रे. त्या दिवसानंतर त्यांनी एक ओळसुद्धा गुणगुणलेली नाही. शाळेचे गणवेश शिवायचे पडलेत, मला येता येणार नाही. त्यांना एकटं पाठवतेय. मागच्या रांगेत बसव आणि स्वेटर घालायला लाव.

तुझ्यावर जीव आहे माझा, पण बाबांना दुखवलंस तर गाठ माझ्याशी आहे.

ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. घाईघाईने लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

बाबांना गर्दीत एक्केचाळिसावे म्हणून बसवलं. बाकीच्यांना बजावलं होतं की नटाचा आवाज गेला की चिडीचूप बसायचं. कॅमेरा सुरू झाला. दुसऱ्या कडव्यात नटाचा आवाज फाटला, तो थांबला. सभागृह गप्प. बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना. आणि ताई, बाबा उठून उभे राहिले! नटाचं अडलेलं पद त्यांनी तिथूनच उचललं. आवाज घोगरा, पण सूर पक्का. सिनेमा चाललाय हे ते साफ विसरले होते. त्यांना एवढंच दिसत होतं की एक माणूस सगळ्यांसमोर अडलाय. मग ते चाळीस जणही माझं बजावणं विसरून गायला लागले. नट रडतोय, कॅमेरावाला रडत रडत चित्रण करतोय, आणि मी ‘कट’ म्हणायचंच विसरलो.

पद संपल्यावर बाबा भानावर आले आणि सीन नासवला म्हणून माझीच माफी मागायला लागले! मी त्यांना मिठीच मारली. परवानगीचं मात्र घरी जाऊन कळवतो म्हणाले. मला आता हेच ठेवायचंय. अकरा वर्षांपूर्वी गप्प बसलेले लोक दाखवायलाच नकोत. विचारशील त्यांना?

तुझा, आनंदाने वेडा झालेला,

धाकटा

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, बाबांचे अ. उ. आ.

ताईला मध्ये घालू नकोस, तिच्या हातात सुई असते. आल्यापासून मी आंघोळ करताना गातो. शेजारचा सुतार रंधा थांबवतो, तो ऐकायला की वैतागून, हे मी विचारलेलं नाही.

परवानगी आहे, पण एक अट. त्या दिवशी कोणीही साथ द्यायला उठलं नव्हतं, तसंच दाखव. लोकांना दोष देऊ नकोस. माझ्या भरभराटीच्या दिवसांत मी त्यांना फक्त ऐकायला शिकवलं, सोबत गायला कधी बोलावलंच नाही. तो प्रसंग पुन्हा चित्रित कर. मला मात्र तेव्हा बाहेर बसव, माझ्याने गप्प राहवणार नाही. परवा मी उठलो तेही खरंच घडलंय, तेही ठेव. आधी ते, मग हे. मधली अकरा वर्षं लोक समजून घेतील.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा तुझ्यावर तो आहेच, पण कधी बोलून दाखवला नाही. आता घरी ये, गाऊन दाखवतो.

बाबा