लेथला हात लावायचा नाही

कोल्हापूर,
१४ मे २०२५

ती. अक्काताईस,
साष्टांग नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? दुधाचे कॅन अजून स्वतःच उचलतेस, असं शिवलीला सांगत होती. उचलू नकोस.

कॉलेजातलं हे शाळकरी मुलांचं इंजिनिअरिंग शिबिर म्हणजे नुसता वैताग. आमटीत डाळ शोधावी लागते. मुलींच्या वसतिगृहावर एक निवृत्त बाई हवी होती, आणि मला हो म्हणायची अवदसा आठवली. सदुसष्टाव्या वर्षी बावीस मुलींची हजेरी घेते. पाय सुजलेत.

परवा तुझ्या नातीला, शिवलीलाला, मी घरी पाठवलं. तिच्या बापाने, तुझ्या चन्नाप्पाने, कारण सांगितलं असेल, न विचारता फाटकाबाहेर गेली. खरं आहे. पण अर्धंच.

तिच्या गटाने कॅन न्यायची ढकलगाडी केली. तुझ्यासाठी. चाकाचा शाफ्ट जाड, बेअरिंगमध्ये बसेना. लेथवर कातून घ्यायचं पाच मिनिटांचं काम. वर्कशॉपचे सर म्हणाले, "पोरींनी तक्ते रंगवावेत. लेथ पोरं बघतील की." पोरांनी दोन दिवस बघितलंच नाही. मग ही उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीच्या कारखान्यात गेली. त्याने शेजारी उभं राहून तिच्याच हातून शाफ्ट कातून घेतला. दुपारी परतली ती काळ्या हातांनी, हसत. "आज्जी, आता बसतोय बघ की." मी म्हटलं, "बॅग भर."

सरांना चार शब्द सुनवायला माझी जीभ शिवशिवत होती. पण सुनवू कुठल्या तोंडाने? मुलींनी लेथला हात लावायचा नाही, हा कागद पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता. "ओढण्या अडकतात बाई, जबाबदारी तुमच्यावर येईल." ओढणी काढून ठेवा, वेणी टोपीत घाला, एवढं सांगायला काय कॉन्व्हेंटात शिकावं लागतं? मी सही केली. दमले होते, आडवं व्हायचं होतं.

बाबांनी मला पॉलिटेक्निकला जाऊ दिलं नाही तेव्हा तू शेजारी बसून शेंगा सोलत राहिलीस, हे मी तुला पन्नास वर्षं ऐकवलं. आता नाही ऐकवणार.

आज सही मागे घेतली. सर फुगून बसलेत. शनिवारी गाडी सगळ्यांपुढे चालवून दाखवायची आहे. शाफ्ट माझ्या टेबलावर आहे, पोरांना लावू दिलेला नाही. शुक्रवारच्या एसटीने तिला पाठव. नको म्हणाली तर तूच घेऊन ये. चन्नाप्पा आडवा आला तर या वेळी गप्प बसू नकोस. मी फाटकात उभी असेन. तिची माफी तिथेच मागेन.

तुझी, आणि शेवटी बाबांचीच लेक निघालेली,
तानी