पाच चौकोनांची जागा

प्रिय मुकाश,

नाही, गाडी घेतलेली नाही मी. घेणारही नाही. तरी खाली अंगणात चौदा नंबरचा चौकोन माझ्या नावावर आहे. त्यात कबुतरं बसतात.

गेल्या उन्हाळ्यात तू बिश्केकला बहिणीकडे आला होतास, तेव्हाची ती मीटिंग आठवते ना, गाड्या कुठं लावायच्या त्यावरची. पालिकेचा पोरगा तीन उपाय घेऊन आलेला. एक, रस्त्यावर गाडी लावायची तर वर्षाचा परवाना काढा. दोन, सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषमला दुसरी. तीन, रस्त्यावर बंदी, इमारतीच्या अंगणात रेघा मारायच्या, घरटी एक चौकोन. दोन तास नुसता कालवा. मला कालवा सोसत नाही. मीच ओरडलो, मारा रेघा आणि सोडा घरी, चहा निवतोय. भराभर हात वर झाले. तू एकटा म्हणालास, दाजी, मयत ठेवायला तीन दिवस युर्त लागतो, लोकरीचा गोल तंबू, तो काय चौथ्या मजल्यावर ठोकणार? मी म्हटलं, तू डोंगरातला, तुला गाडी म्हणजे घोडा, कुठंही बांधावा. सगळे हसले. तूही हसलास थोडा.

हिवाळ्यात तुझ्या बहिणीनं, कुलिपानं अंथरूण धरलं. डॉक्टर काय म्हणाला ते तुला फोनवर सांगितलं, त्यातलं निम्मं खोटं होतं. तिला मात्र सगळं कळायचं. खिडकीशी उशी लावून खाली बघत बसायची. एकदा म्हणाली, अहो, माझा युर्त कुठं बसवणार? तुमच्या चौकोनात माझे पायसुद्धा पसरायचे नाहीत.

पावलांनी मोजलं मी. पाच चौकोन लागतात. माझा धरला तरी आणखी चार. मग दारोदार फिरलो, तीन दिवस गाड्या हलवाल का म्हणून. पंधरा नंबरचा एमिल म्हणाला, आजोबा, तुमच्यासाठी जीव देईन, पण गाडी रस्त्यावर लावली की उचलून नेतात हो. तेरा नंबरच्या बाईनं चहा पाजला, वर म्हणते, आजी आहेत ना अजून, मग घाई कसली? बारावाला रशियात कामाला, गाडीची किल्ली त्याच्या खिशात. आणि अकरावाला म्हणाला, रेघा तुम्हीच मागितल्या होत्या ना? खरंच होतं. कुणी वाईट नाही रे. ज्याचा त्याचा नंबर आहे, एवढंच.

कुलिपा गेली, मुकाश. चाळीस दिवस होत आले. युर्त उभा राहिला नाही. घरातच ठेवली. खालच्या घरात तान्हं पोर झोपलेलं, म्हणून बायका दार लावून रडल्या. पुरुषानं युर्ताबाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडायचं असतं. मी जिन्यात उभा. लोक अंग चोरून वर जायचे. मला आवाजच फुटला नाही. वळणावर जिना अरुंद, तिला उभी करून उतरवली. माहेरी आधी कळवायचं असतं हे मला ठाऊक नाही असं नाही. मुकाशला कळवायचं नाही, असं पोरांना मीच बजावलं. तू हंबरडा फोडत अंगणात शिरला असतास, आणि तुला उभं राहायला जागा नव्हती. नंतर तू फोन करायचास, मी सांगायचो, झोपलीय. आता ते जमत नाही, म्हणून लिहिलं. कुठं पुरली ते थोरल्या पोराला विचार. मला विचारू नकोस, मी यावर आणखी एक शब्द बोलणार नाही.

तुझाच दाजी,
जापार