गंधालीपासून लपवलेला आवाज

मुलुंड, ५ जानेवारी २०२५

ती. वसुआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर माझे शब्द अडतात, म्हणून तुला अजून पत्रच.

गंधालीच्या वर्गात पालकांनी येऊन गोष्ट सांगायची आहे. तिने परस्पर आईचं, जानकीचं नाव दिलं. बाईंनी विचारलं तर म्हणाली, बाबांना माझ्याशी बोलायला आवडत नाही.

आत्या, ती जन्मली तेव्हा माझी आई म्हणाली होती, अडखळणं कानावर पडलं की मूलही अडखळतं. मी ते खरं धरून बसलो. 'हो-नाही'पलीकडे पोरीशी बोललोच नाही. अंगाई, गोष्टी, सगळं जानकीवर सोपवलं. परवा जानकीने मला स्पीच थेरपिस्टकडे ओढत नेलं. त्या म्हणाल्या, ऐकून हे कुणाला लागत नाही. गंधाली दहा वर्षांची झाली गं.

तुझा,
श्रेयस

बोरिवली, १२ जानेवारी

चि. श्रेयस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले. वहिनीच्या मनात वाईट नव्हतं रे, पण तुझी वाट लागली त्याचं काय! लहानपणी तू मला माकडाची गोष्ट सांगत होतास आणि दूध उतू गेलं तरी मी उठले नव्हते. एवढी रंगवायचास. शाळेत तूच जा. पोरं हसली तर हसू देत. मात्र आधी गंधालीला विचार, नाहीतर वर्गात तिला अवघडल्यासारखं होईल. जानकीला सांग, हिवाळ्यातला उंधियो एकटीनेच संपवू नकोस.

या म्हातारीवर माया असू दे.

तुझी,
वसुआत्या

मुलुंड, २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गंधालीला विचारलं, ती बरं म्हणाली. गेलो. गोष्ट मगरीची आणि नेमका 'म'वरच अडकलो. दोघं-तिघं हसली. गंधाली बाकाकडे बघत राहिली. पळून जावंसं वाटलं, पण घाम पुसत शेवटपर्यंत सांगितली. हसणाऱ्यांतल्याच एकाने नंतर विचारलं, मगर खरंच मेली का? इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो?

घरी आल्यावर गंधालीला म्हटलं, रोज झोपताना एक सांगू? ती म्हणाली, बाबा, मी आता माझी माझी वाचते. मग माझं तोंड बघून तिनेच पुस्तक मिटलं आणि म्हणाली, बरं, सांग.

मी सांगितली. घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकावं तशी तिने ती शांतपणे ऐकली. एकदाही 'मग?' म्हणाली नाही.

उद्या पुन्हा सांगणार आहे. तुझा लोभ पाठीशी राहू दे.

तुझा,
श्रेयस