आईचा हात थांबायचा ती ओळ

पप्पा, काल इथल्या, सिंगापूरच्या सिनेगॉगमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी तुमची कविता वाचली आणि शेवटच्या ओळीत एक शब्द कमी आहे म्हणाले. माणूस चांगला आहे, हिब्रू पक्कं आहे, त्यामुळे मला जास्तच राग आला. यंदा तुमच्या आठवणीचा मलिदा, आपला पोहे-नारळाचा प्रार्थनाविधी, मी क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये करते आहे आणि प्रार्थनेनंतर त्यांनी ती कविता म्हणायची असं ठरलं होतं. छापताना शब्द गळला असेल, हरकत नसेल तर मी एक सुचवतो, असं ते मोठ्या अदबीनं म्हणाले. विचार करून सांगते म्हटलं आणि एमआरटीच्या गाडीत घरापर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले. खरं तर भीती वाटत होती. तुम्हीच चुकला असाल तर?

तुम्ही अलिबागच्या शाळेत गणित शिकवायचात आणि कविता मात्र हिब्रूत करायचात. घरात ती भाषा प्रार्थनेपुरती सगळ्यांना म्हणता यायची, कळायची कुणालाच नाही. हे वाचणार कोण, म्हणून नातेवाईक हसायचे. शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी, आई विळीवर नारळ खवायला बसली की तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन नवी ओळ म्हणायचात, तीही ओवीच्या चालीत, कारण तुम्हाला चाल म्हणून तेवढीच येत होती. मी नारळाच्या पाण्यावर टपून बसलेली आहे. आईचा हात चालूच राहिला की तुम्ही मान हलवून परत जाता, ओळ मोडून टाकता. हात थांबला की ओळ राहिली. एकदा मी विचारलं, आईला हिब्रू कुठे येतं?

"तिला ऐकता येतं," तुम्ही म्हणालात.

आज सकाळी मलिद्याचे पोहे भिजवले. माझी लेक आईच्याच विळीवर नारळ खवत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र तिच्या कॉलेजातलं इंग्रजी मिसळते, इथल्यासारखं शेवटी 'लाह' लावून. मी तुमच्या चालीत कविता म्हणून बघितली. शेवटच्या शब्दाआधी माझा आवाज आपोआप थांबला, आणि तुम्ही दिसलात, उंबऱ्याशी, चष्मा कपाळावर सरकवून आईच्या हाताकडे बघणारे. तेवढी रिकामी जागा तुम्ही तिच्या थांबणाऱ्या हातासाठी ठेवली होती. शब्द गळलेला नव्हताच. मला रडू आवरेना, आणि लेकीचा हात विळीवर थांबलेला.

"आजोबांची ना? वन मोर टाइम लाह, आई."

मी त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की ओळ आहे तशीच राहील आणि कविता मीच म्हणेन. तेही बरं म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. त्या कवितेचा अर्थ मला अजून माहीत नाही, पप्पा. काल ते गृहस्थ सांगायला लागले होते, मी थांबवलं. तो तुमच्याकडून ऐकायचा होता, आणि इतकी वर्षं झाली तरी मी वाट बघते आहे.