जे वाटते ते दे

रविवार, ९ मार्च

क्लच सोडला आणि गाडी फाटकातच बंद पडली. पुन्हा चावी. पुन्हा बंद. शेजारी सुमीत — माझ्याच शाळेत शिकवतो, गाड्यांतलं त्याला कळतं — हसत होता. "मॅडम, क्लचचं काम निघालं. चांगलंच झालं, भाव उतरते."

उतरवायचा कोणाशी? फाटकाशी अण्णाजी सर उभे. सहावी ते दहावी त्यांनी मला गणित शिकवलं. आता डोळ्यांमुळे चालवता येत नाही, म्हणून गाडी विकताहेत. किंमत विचारली.

"तुले जे वाटते ते दे, बेटा."

सोमवार, १०

घर सिंदी मेघेत, शाळा कारंज्यात. जीपमध्ये सात मास्तर, मी मधोमध. आज पुन्हा माझ्या लग्नाचा विषय. जाताना दीड तास, येताना दीड तास. गाडी झाली तर हे तीन तास माझे. एकटीचे.

बुधवार, १२

सर किराणा दुकानात सांगून आले — "आपल्या इलानं घेतली." किंमत ठरलेली नाही! दुपारी नव्या सीटकव्हरचा फोटो पाठवला. आता नाही म्हणता येत नाही. कमीही म्हणता येत नाही.

शनिवार, १५

सुमीत : "एक वीसच्या वर जाऊ नका. अन् आकडा त्यांच्याच तोंडून येऊ द्या. चूप बसून राहा फक्त."

रविवार, १६

चूप बसले. सरही चूप. वर्गात फळ्यापाशी उभं करून उत्तर येईपर्यंत असेच थांबायचे. सरांच्या पत्नी यशोदाकाकू चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली.

मीच म्हणाले, "एक चाळीस."

सरांनी चष्मा पुसला. "मी त एक दहाच म्हणणार होतो. पण तू सांगून राह्यली, त ठीक आहे."

पैसे तिथेच पाठवले. गाडी आज त्यांच्याच अंगणात; संध्याकाळी सुमीत मेकॅनिक आणून क्लचचं काम करून घेणार. काकूंना सकाळी ओवाळायची आहे.

सोमवार, १७

सकाळी साडेसहाला गेले. काकूंनी गाडी ओवाळली. सर आधीच मागच्या सीटवर, मांडीवर डबा.

"वरच्या तीस हजारांचं पेट्रोल मी टाकत जाईन. मले रोज तुह्या शाळेत नेत जाय. घरी दिवस जात नाई."

"हो सर," म्हणाले.

कारंजा येईपर्यंत ते बोलत होते.