तिसऱ्या पुलावर कोण उभं राहणार?

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना सरस लागलेला आहे, त्यामुळे जोडलेले हात लवकर सुटायचे नाहीत. तेवढा जास्तीचा नमस्कार धरून चाल.) वॉर्डात दिवसभर उभं राहून पाय सुजतात असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ती सूज उतरली का? गरम पाण्यात पाय घालून बसत जा. दुसऱ्यांना सांगतेस तेच स्वतः कर. इकडे तिघंही ठीक आहोत. तुझ्या लेकीला जुने फ्रॉक आखूड व्हायला लागलेत. तुझी भावजय बरी आहे, फक्त सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तुझी ठिणगी दहा वर्षांची होणार. (आता शाळेतले मास्तरसुद्धा तिला ठिणगीच म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलंय.) वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाली, सहल. साधी नव्हे, तिच्या त्या सात भागांच्या गोष्टीतली. तू जाण्याआधी तिला पहिला भाग वाचून दाखवला होतास, तेव्हा तुला माहीत असेल. मी विचारलं, गोष्ट कशाची आहे? तिने दीड तास सांगितली. त्यातून मला कळलं ते असं: एक मुलगी आहे, तिला भागागणिक एक असे सात पूल ओलांडायचे आहेत, एक सेनापती आहे तो वाईट आहे पण तसा वाईट नाही, आणि प्रधान शेळी आहे. शेळी प्रधान कशी झाली हे विचारायची सोय नाही, लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. शिवाय तिची अट अशी की, सहल नेणाऱ्याने पुस्तकं वाचलेली असली पाहिजेत. आता तीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय. हजारो पुस्तकं या हातांखालून गेली, पण आत काय आहे हे बघायला कधी थांबलो नाही. बांधणाऱ्याने पानांचे आकडे बघायचे, बास.

ते सातही भाग तिने वाचून वाचून पार खिळखिळे केले होते. तिसरा तर रबराच्या पट्टीने धरून ठेवलेला. म्हटलं, सगळे नव्याने बांधून वाढदिवसाला द्यावेत, आणि बांधता बांधता वाचून टाकावेत. ती शाळेत गेली की मी कामाला बसायचो. बाबांचा नियम तुला आठवतोच, एका टेबलावर एका वेळी एकच पुस्तक उसवायचं. बाबांनी नियम केला म्हणजे मी तो मोडणार हे त्यांनाही माहीत होतं. मी घाईने तिसरा आणि सातवा एकदम उसवले. फर्म्यांच्या दोन चळती लावल्या. (फर्मा म्हणजे सोळा पानांची जुडी. तू लहानपणी त्याच्या होड्या केल्या होत्यास, आणि मार मी खाल्ला होता.) तेवढ्यात तुझ्या भावजयीला जेवणासाठी टेबल हवं झालं. तिने चळती उचलून कपाटावर ठेवल्या, आणि उचलताना वरचे थोडे फर्मे घसरले. तिने ते गोळा करून ठेवले. मी जेवून उठलो, आकडे लावले, शिवले, कापले, पुठ्ठे चढवले. तीनशे चारच्या पुढे तीनशे पाच, तीनशे वीसच्या पुढे तीनशे एकवीस. एक पान इकडचं तिकडे नाही.

मग तिसरा भाग वाचायला घेतला आणि माझी मती गुंग झाली. तीनशे चाराव्या पानावर ती पोरगी दहा वर्षांची, दलदलीत कमरेएवढी रुतलेली. शेजारच्याच पानावर एकदम सोळा वर्षांची, कपडे कोरडे, पुलावर उभी. समोर तिची आई कंदील घेऊन. पहिल्या भागात निघून गेलेली तीच आई! दोघी गळ्यात पडतात. मागे तो सेनापती, जो चार पानांपूर्वी हिच्या जिवावर उठला होता, चुलीवरचं पातेलं ढवळतोय. शेळीचं एक शिंग गायब. बरं, सोळा पानं असं चालतं, आणि तीनशे एकविसाव्या पानावर पोरगी पुन्हा दलदलीत, पुन्हा दहाची, आणि आई कुठे असेल म्हणून रडतेय. अगं, आत्ताच तर भेटली ना! शेळीचं शिंगही परत आलेलं. मी तीनदा वाचलं. मग स्वतःची समजूत घातली की, काल्पनिक गोष्ट आहे, यात माणसांची वयं खालीवर होत असतील आणि शिंगं उगवत असतील. आपल्याला काय कळतंय?

त्या बळावर मी सहल आखली. कारखान्यामागच्या ओढ्यावरची फळी हा पहिला पूल, कालव्यावरचा दुसरा, स्टेशनचा जिन्याचा तिसरा, असे मोजून सात. गोष्टीतला मोठा प्रसंग तिसऱ्या पुलावर, तेव्हा सेनापती म्हणून शेजारच्या कंपाउंडरला मिशा लावून तिथे उभं करायचं ठरलं. (तो पातेलं घरून आणणार आहे.) आई म्हणून तुझी भावजय, कंदिलासकट. सोमवारी ठिणगीने मला परीक्षेला बसवलं. मी छाती काढून सांगितलं, तिसऱ्या पुलावर तिला आई भेटते. ठिणगी म्हणाली, आई सातव्या भागात भेटते, सहा वर्षांनी. मी खोटा पडतोय असं वाटून नवं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. वाढदिवसाची गंमत गेली ती गेलीच. तिने टेबलाशी उभ्या उभ्या ती सोळाही पानं वाचली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कपाटावर सातव्याचा फर्मा तिसऱ्यात मिसळला होता, आकडे दोन्हींचे तेच. मी आधी तुझ्या भावजयीला दोष दिला (म्हणून ती बोलत नाही), मग स्वतःला, आणि मग म्हटलं, दोन दिवसांत उसवून नीट बांधून देतो. ठिणगीने पुस्तकावर हात ठेवला.

“उसवू नकोस मामा. असंच राहू दे. यात आई तिसऱ्या भागातच परत येते.”

ताई, मी सरसाचा डबा शोधायला लागलो, तो हातातच होता.

असो. तर पत्र लिहायचं कारण एवढंच की, शेळीला नक्की किती शिंगं, हे उलट टपाली कळव. कंपाउंडरची बायको शेळीचं सोंग घेणार आहे आणि ती शिंगांसाठी खोळंबलीय.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. शिंगांचं राहू दे. तुझ्या भावजयीने अबोला मोडला, तो आई व्हायला साफ नकार देण्यापुरता. म्हणाली, त्या पुलावर जिने उभं राहायचं तिला बोलवा, मी कंदील पुसून देईन. आता तुझी गाडी इथे सव्वादहाला येते, आणि फलाटावरून बाहेर पडायला तो पूल चढावाच लागतो. तुला वेगळं काही करायचं नाहीये. गाडीतून उतरायचं आणि जिना चढायचा.

ता. क. दुसरा. मेट्रनबाईंना द्यायचा रजेचा अर्ज मीच लिहून सोबत ठेवलाय, तू फक्त सही कर. दोन पानी आहे. पानांचे आकडे तपासलेत, आणि या खेपेला मजकूरही वाचलाय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ठिणगी मी तपासायला दिलेली सहलीच्या पुलांची यादी परत घेऊन आली. आईला काही कळवायचं आहे का विचारलं, तर नाही म्हणाली. यादीतले तिसऱ्यापुढचे चारही पूल तिने खोडलेत.